एका दिवसाची मुंबई : दर्शन कोणाचे, विस्मरण कोणाचे?

१/
'मुंबई दर्शन' नावाची एक सहल आहे. सकाळी गेटवे ऑफ इंडिया, समोर ताजमहाल हॉटेल, मग मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, जुहूची चौपाटी आणि उतरत्या उन्हात चित्रपटतारकांच्या बंगल्यांची फाटके. रात्री बस माघारी फिरते आणि शहर 'पाहून' होते. वर्षानुवर्षे असंख्य मराठी कुटुंबांनी, शाळांनी, महाविद्यालयांनी आपली राजधानी याच क्रमाने पाहिली. हा धागा त्या क्रमाविरुद्ध आहे. 🧵

२/
या सहलीवरील नेहमीची टीका अशी की एक दिवस अपुरा पडतो. ही टीका निरर्थक आहे. कोणत्याही मोठ्या शहराला एक दिवस अपुराच पडतो. काशीलाही पडतो, लिस्बनलाही पडतो. खरा आक्षेप निवडीवर आहे. सहल हा एक अबोल इतिहासग्रंथ असतो. कोणत्या स्थळापासून आरंभ करायचा, कोठे थांबायचे, कोठून न थांबता पुढे जायचे, यातून प्रवाशाच्या मनात शहराची जन्मकथा तयार होते. 'मुंबई दर्शना'ने तयार केलेली जन्मकथा खोटी आहे.

३/
ती कथा थोडक्यात अशी : येथे कोळ्यांची सात ओसाड बेटे होती; पोर्तुगीजांनी ती हुंड्यात इंग्रजांना दिली; इंग्रजांनी समुद्र हटवून शहर उभारले; मग चित्रपटसृष्टी आली. चार वाक्यांत चार शतके आटोपली. या चार वाक्यांतील पहिली तीन तपासून पाहिली, तर एकही जशीच्या तशी टिकत नाही. आणि हीच वाक्ये समाजमाध्यमांवर 'तुम्हाला हे माहीत आहे का?' या मथळ्याखाली रोज नव्याने फिरतात.

४/
आरंभ गेटवेपासून करू द्या. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान ओळखली जाते. परंतु त्या दिवशी कमान अस्तित्वातच नव्हती. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि उद्घाटनास ४ डिसेंबर १९२४ उजाडला. राजाच्या स्वागताला उभा होता तो तात्पुरता देखावा.

५/
म्हणजे मुंबईचे 'प्रवेशद्वार' म्हणून जे दाखवले जाते, त्यातून तो राजा कधी आलाच नाही. त्यातून समारंभपूर्वक गेले ते इंग्रज सैनिक : २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी याच कमानीतून भारत सोडून गेली. शिवाय कमानीची घडण १६व्या शतकातील गुजरातच्या वास्तुशैलीवरून घेतलेली आहे. ते गुजरातचे सुलतान मुंबईचेही धनी होते, ही गोष्ट कमानीखाली उभ्या राहणाऱ्या किती जणांना सांगितली जाते?

६/
आता 'हुंड्यात सात बेटे' पाहू द्या. २३ जून १६६१ चा विवाहकरार दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझाची कॅथरिन यांचा. करारात उल्लेख आहे तो मुंबईचे बंदर आणि मुंबई बेट यांचा. सात बेटांचा नव्हे. ताबा घ्यायला आलेले इंग्रज शेजारची बेटेही मागू लागले. पोर्तुगीज अधिकारी म्हणाले, करार एका बेटाचा आहे. कित्येक महिने हा वाद चालला. दरम्यान इंग्रज पथकातील बहुतेक सैनिक आणि त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर रोगराईने मेले.

७/
अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कूकच्या हाती मुंबई बेट आले. माहीम त्याने नंतर बळजबरीने घेतले. कुलाबा तर १६७५ च्या सुमारास हाती आला. यात हुंड्याइतकीच दांडगाईही आहे. 'हुंडा' हा शब्द ऐकायला गोड आणि घरगुती वाटतो. त्याने ताब्याची हिंसा झाकली जाते. १६६८ मध्ये राजाने हे बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, म्हणजे खुद्द इंग्लंडच्या राजालाही त्यात 'भावी महानगर' दिसले नव्हते.

८/
'कंपनी आली आणि राज्य सुरू झाले' हाही असाच समज. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव, माहीम त्याच्या हाती गेले आणि कंपनीची माणसे किल्ल्यात कोंडली गेली. वेढा वर्षभराहून अधिक काळ टिकला. कंपनीच्या वकिलांना औरंगजेबापुढे माफी मागावी लागली आणि दीड लाख रुपये दंड भरावा लागला, तेव्हा १६९० मध्ये सिद्दी हटला. या प्रसंगाचे स्थळ असलेल्या शिवडीला 'दर्शना'ची बस जात नाही.

९/
'मुंबई' या नावाची दंतकथाही याच कुळातील. पोर्तुगीज भाषेत 'बॉम बाहिया' म्हणजे 'चांगला उपसागर', म्हणून 'बॉम्बे', असे ठामपणे सांगितले जाते. पोर्तुगीजमध्ये उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी आहे. तेथे 'बॉम' हे पुल्लिंगी विशेषण चालत नाही, 'बोआ' म्हणावे लागेल. स्वतःच्या भाषेत लिंगाची चूक करून पोर्तुगीजांनी बंदराचे नाव ठेवले, असे मानण्यापेक्षा मुंबादेवीच्या नावाचा उच्चार त्यांनी आपल्या जिभेला सोयीचा केला, हे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

१०/
'ओसाड बेटे' या शब्दाचा समाचार घेण्यासाठी संग्रहालयात जावे लागते. गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याचेही वास्तुकार विटेटच. तेथे सोपाऱ्यास सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील ब्राह्मी अक्षरे. हा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणला. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, जेथून रोज सकाळी लोकल खच्चून भरून मुंबईकडे निघते.

११/
कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आज महानगरपालिकेच्या हद्दीत, बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून तेथे दानलेख कोरले जात होते. दात्यांमध्ये कल्याण आणि सोपारा येथील व्यापारी आहेत. विशेष म्हणजे एका लेण्यात पहलवी लिपीत, सन १००९ आणि १०२१ मधील, जरथुश्त्री प्रवाशांची नावे कोरलेली आढळतात. म्हणजे मुंबईतील स्थलदर्शनाचा लेखी पुरावा कंपनीच्या आगमनापेक्षा साडेसहाशे वर्षे जुना आहे.

१२/
यावर हमखास येणारा आक्षेप : कान्हेरी 'मूळ मुंबई'त नाही, ती साष्टीत आहे; मूळ मुंबई म्हणजे सात बेटे. पण 'मूळ मुंबई'ची ही सीमा कोणी आखली? कंपनीच्या ताब्याने. पोर्तुगीजांकडे साष्टी राहिली, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेने ती मराठ्यांकडे आली आणि नंतर इंग्रजांनी घेतली. ताब्याची रेषा ही इतिहासाची रेषा मानली, की खाडीपलीकडचे सारे आपोआप 'बाहेरचे' ठरते. आजचा मुंबईकर तर दोन्ही तीरांवर राहतो.

१३/
बरे, सात बेटांच्या आतच राहू द्या. माहीमला १४व्या-१५व्या शतकांत मखदूम अली माहिमी हे विद्वान होऊन गेले. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिले. म्हणजे मुंबईच्या भूमीवर ग्रंथरचना, अध्यापन, विद्वत्ता यांची परंपरा पोर्तुगीजांच्याही आधीची आहे. त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा चादरीचा मान असतो. ज्या शहराच्या पोलिसांना हा वारसा ठाऊक आहे, त्या शहराच्या सहलीला तो ठाऊक नसावा, हे नवल.

१४/
माहीमचेच आणखी एक. 'महिकावतीची बखर' ही उत्तर कोकणातील राजवटी, कुळे आणि वसाहती यांची कथा सांगते. तिच्यातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. बखरीचा तो स्वभाव नव्हे. पण 'येथे कोणी नव्हते' या म्हणण्याला ती पुरेसे उत्तर आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती संपादून प्रसिद्ध केली १९२४ मध्ये. गेटवेचे उद्घाटनही त्याच वर्षीचे. एकाच वर्षी मुंबईला दोन दारे उघडली. एकासमोर रोज गर्दी असते. दुसऱ्याचे नावही क्वचित निघते.

१५/
आता बसच्या मार्गावरील एक विसंगती. हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू उद्यानातला बूट येथे बस आवर्जून थांबते. त्याच मलबार टेकडीच्या दुसऱ्या टोकाला, काही मिनिटांच्या अंतरावर, बाणगंगा आहे. पायऱ्यांनी वेढलेले तळे, वाळकेश्वराचे देऊळ, शिलाहारकाळाशी जोडलेली परंपरा, पोर्तुगीज काळातील विध्वंस आणि १८व्या शतकातील पुनर्बांधणी, असा शहराचा अर्धा इतिहास एका चौकोनात सामावलेला. तेथे बस जात नाही. सिमेंटच्या बुटाला जो मान, तो बाणगंगेला नाही.

१६/
येथे एक इशारा आवश्यक. या साऱ्याचा अर्थ 'इंग्रजी इमारती परक्या, त्या पाहूच नयेत' असा काढणारे काही जण आहेत. तो दुसरा भ्रम, पहिल्याइतकाच आळशी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले, दहा वर्षे चालले. साहाय्यक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य. दगडातील पाने, पक्षी, प्राणी घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. ही वास्तू 'त्यांची' म्हणून सोडून देणे म्हणजे या हातांना दुसऱ्यांदा विसरणे.

१७/
तीच गोष्ट रेल्वेची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती केवळ साहेबाच्या लहरीमुळे नव्हे. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हे त्या खटपटीत अग्रभागी होते. शहर इंग्रजांनी 'दिले' नाही. येथील भांडवल, येथील घाम आणि येथील महत्त्वाकांक्षा यांनी ते साम्राज्याच्या चौकटीत, कधी तिच्या साह्याने तर कधी तिच्याशी झगडत उभे केले. अफू आणि कापूस यांच्या व्यापाराचा काळा हिशेबही त्याच चौकटीतला, तोही लपवू नये.

१८/
मरीन ड्राइव्हची गंमत पाहा. बॅक बेच्या भरावातून हा किनारा घडला. त्या भराव योजनेतील उधळपट्टी आणि गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. आज त्याच भरावातील सर्वांत महागड्या जमिनींपैकी एका तुकड्याचे नाव 'नरिमन पॉइंट' आहे. तेथील कठड्यावर बसून सूर्यास्त पाहणाऱ्याला हे नाव कोणा बिल्डरचे नसून भराव घोटाळ्याविरुद्ध लढलेल्या माणसाचे आहे, हे कोणी सांगत नाही.

१९/
आणि गिरणगाव? १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा पट्टा भोंग्यांवर जगू लागला. कोकण आणि देशावरची गावे मनीऑर्डरवर जगली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुटी मिळाली. बहुतेक कुटुंबे 'मुंबई दर्शना'ला रविवारी निघतात. ज्यांनी तो रविवार मिळवला, त्यांची वस्तीच सहलीतून वगळलेली आहे.

२०/
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप औपचारिकरीत्या मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र मिटत गेल्या. आज त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आहेत, मध्येच एखादी चिमणी उभी दिसते. त्या चिमणीखाली थांबून दोन वाक्ये सांगणारा मार्गदर्शक सहलीत असता, तर 'मुंबई कोणाची?' हा प्रश्न नव्या पिढीला घोषणेतून नव्हे, इतिहासातून भेटला असता.

२१/
गेटवेजवळच्या कुलाब्यातच आणखी एक रिकामी जागा आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदल तळावरील खलाशांनी बंड पुकारले. अन्नाची दुर्दशा आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा वांशिक उद्दामपणा ही निमित्ते. काही दिवसांत जहाजामागून जहाज सामील झाले. कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. कूकला ताबा मिळाला तीही तारीख १८ फेब्रुवारीच. योगायोगच, पण एका शहराच्या दोन टोकांच्या कथा लक्षात ठेवायला याहून सोपी तारीख मिळणार नाही.

२२/
बचावाची बाजूही ऐकू. सहलवाले म्हणतील : लोक मौजेसाठी येतात, परीक्षेसाठी नव्हे, मुले कंटाळतात, वाहतूक कोंडी असते. यातील शेवटचे कारण खरे आहे, पण ते जुहूच्या बंगल्यांच्या रस्त्यालाही तितकेच लागू आहे. मुले बंद फाटकासमोर अधिक रमतात आणि किल्ल्याच्या बुरुजावर कंटाळतात, हे सह्याद्रीच्या लेकरांविषयी कोणी म्हणावे, याहून मोठा विनोद नाही.

२३/
तर मग एका रविवारचा पर्याय. पहाटे बाणगंगा. तेथून गवालिया टँक : याच परिसरातील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले आणि ८ ऑगस्ट १९४२ ला याच मैदानावर 'चले जाव'ची हाक दिली गेली. मग वस्तुसंग्रहालयातील अशोकाची अक्षरे, गेटवे आणि चालत हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार येथलाच.

२४/
तेथून टर्मिनसची वास्तू पाहून धीम्या लोकलने भायखळा. राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, एक दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटले, तोच हा हत्ती. बेट पाहायला वेळ नसला, तरी बेटाच्या नावाचे मूळ येथे भेटते. भाऊ दाजी हे वैद्य आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक. भगवानलाल इंद्रजींनी त्यांच्यासाठीच देशभर फिरून शिलालेखांच्या नकला केल्या. सकाळी पाहिलेल्या दगडाचा धागा येथे जुळतो.

२५/
भायखळ्याहून लालबागच्या चिमण्यांवरून शिवडीचा किल्ला. खाली खाडीचा चिखल, हिवाळ्यात रोहित पक्षी, शेजारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. सिद्दी उतरला तो हा किनारा. शिवडीहून हार्बर मार्गाने वडाळा, तेथून माहीम : दर्गा, किल्ला, कोळीवाडा आणि खाडीपलीकडे वांद्र्याचा पोर्तुगीज दुर्ग. सूर्यास्त येथेही होतो, आणि दोन सत्तांच्या सीमेवर उभे राहून तो पाहता येतो. एवढे सारे एका दिवसात, लोकलच्या तिकिटात, बसते.

२६/
हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. जे पाहिले जाते, त्याची डागडुजी होते. जे पाहिलेच जात नाही, त्यावर अतिक्रमण होते. माहीमच्या किल्ल्यात वर्षानुवर्षे झोपड्या होत्या आणि फारसा कोणी आवाज उठवला नाही, कारण तो कोणाच्या सहलीत नव्हता. कोळीवाड्यांना 'गावठाण' म्हणायचे की 'झोपडपट्टी', यावर कागदोपत्री झगडे होतात, तेव्हा शहर गप्प बसते. कारण त्याला शिकवलेल्या कथेत कोळी पहिल्या वाक्यापुरतेच असतात आणि दुसऱ्या वाक्यात नाहीसे होतात.

२७/
ते नाहीसे झालेले नाहीत. वरळी, माहीम, शीव, माझगाव, कुलाबा ही त्यांची ठिकाणे अजून नकाशावर आहेत, होड्या अजून निघतात. सुलतान, पोर्तुगीज, कंपनी, राणी, गिरणीमालक, बिल्डर असे धनी बदलत गेले. किनाऱ्यावरचे जाळे विणणारे हात राहिले. 'मुंबई दर्शन' हा शब्द फार मोठा आहे. दर्शन देवाचे घेतात. ज्या नगरीच्या नावातच देवी आहे, तिच्या दर्शनात तिची जुनी लेकरेच दिसू नयेत, हे दर्शन नव्हे.

२८/
म्हणून इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येक तरुणाने पुढच्या वेळी गावाकडून पाहुणे आले, की त्यांना बसच्या तिकिटाऐवजी एक सकाळ द्यावी. गेटवे जरूर दाखवावे. मात्र ते मुंबईच्या कथेचा आरंभ म्हणून दाखवू नये. ते त्या कथेतील अगदी अलीकडचे पान आहे. आधीची पाने बाणगंगेच्या पायऱ्यांवर, शिवडीच्या बुरुजावर, माहीमच्या वाळूत आणि लालबागच्या चिमणीखाली उघडी पडलेली आहेत. वाचणारा हवा.

(समाप्त)
#मुंबई #इतिहास #मराठी